ऑईलचं झाकण बॅटरीवर राहिलं

"मिस्त्री, चूक माझीच आहे. पण गाडी खरी बिघडली ती धुतल्यावर."

मे महिन्यातला रविवार, दुपारचे साडेतीन. लातुरात औसा रोडला माझं गॅरेज आहे. एका जीपच्या मागं टोचन करून पांढरी पेट्रोल गाडी दारात आली, तिच्यातून गुरुजी उतरले आणि पाणी प्यायच्या आधी हे बोलले. निलंग्याकडच्या एका शाळेत ते शिकवतात. गाडी नऊ वर्षांची, त्यातली आठ वर्षं माझ्याच हाताखाली गेलेली. मागच्या सीटवर त्यांची आई पदरानं वारा घेत बसली होती. सगळे तुळजापूरला दर्शनाला निघाले होते, दर्शन राहिलं.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय ते गुरुजींच्या त्या वाक्यासाठी. सांडलेल्या ऑईलनं जेवढं नुकसान केलं, त्याच्या तिप्पट ते काढायच्या खटपटींनी केलं. त्यातली एक खटपट माझ्याच गॅरेजातली होती, ती पुढं येईलच.

सकाळी निघताना लांबचा पल्ला म्हणून गुरुजींनी एका स्पेअर पार्टच्या दुकानातून इंजिन ऑईलचा डबा घेतला. दुकानदारानं "ब्रेक ऑईल पण खाली दिसायलंय" म्हणून फोडलेल्या बाटलीतलं थोडं ब्रेक ऑईल दिलं. दोन्ही गुरुजींनी स्वतःच्या हातानं ओतलं, दुकानातल्या एकाच नरसाळ्यानं. इंजिनाचं झाकण काढून बॅटरीवर ठेवलं, तेवढ्यात फोन वाजला, आणि बोनेट पडलं ते झाकणाशिवायच.

गाडी तशीच औशापर्यंत गेली. ऑईल ओतायचं तोंड इंजिनाच्या वरच्या झाकणाला, म्हणजे टॅपेट कव्हरला असतं, आणि त्याखाली कॅमशाफ्ट नावाचा दांडा फिरत असतो. त्यावरचं ऑईल चाकावरच्या चिखलासारखं वर उडतं आणि झाकण नसलं की सरळ बोनेटखाली शिंपडलं जातं. औसा ओलांडल्यावर वास सुरू झाला. गुरुजींना वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. उजनीला बासुंदी खायला थांबले तेव्हा बोनेटच्या फटीतून निळसर धूर येत होता.

इथून पुढं मदत सुरू झाली. मदत म्हणजे आपल्याकडं काय असतं, तुम्हाला ठाऊक आहे. हॉटेलातला पोरगा पाण्याचा जग घेऊन धावला आणि अर्धा जग तापलेल्या मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनाचा जळका धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर, ओतून मोकळा झाला. चर्र आवाज, वाफेचा लोट, आणि त्या वाफेबरोबर उडालेलं ऑईल गुरुजींच्या मनगटावर. फोड अजून होता. नशीब इतकंच की मॅनिफोल्ड तडकला नाही. तो बऱ्याचदा बिडाचा असतो, आणि लाल व्हायच्या बेतातल्या बिडावर थंड पाणी पडलं की चीर जाते. वर ऑईल पाण्यावर तरंगतं, त्यामुळं जे एका जागी होतं ते पाण्याबरोबर खाली चेसिसपर्यंत पसरलं.

मग एक दुचाकीवाला बाटलीत पेट्रोल काढून घेऊन आला. "पेट्रोलनं पुसा, एका मिनिटात साफ होतंय." त्याला थांबवलं ते गुरुजींच्या आईनं. गाडीतून उतरून ती माउली म्हणाली, "आरं, तापल्या चुलीवर रॉकेल वततंय का कुणी?"

त्या बाईंनी बोनेटखाली कधी डोकावलं नसेल, पण सगळ्या प्रकरणात त्या दिवशी खरं शहाणपण एवढंच झालं. पेट्रोलची वाफ ठिणगी मिळाली की पेटते, आणि त्यासाठी ते तापावं लागत नाही. शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही तेवढी वाफ निघत असते. ती हवेपेक्षा जड, म्हणून खाली साचून राहते. बोनेटखाली ठिणग्या कमी नसतात. गाडी बंद असली तरी बऱ्याच गाड्यांत रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो. रॉकेल त्या मानानं सुरक्षित, असं आमच्यातलेही जुने मिस्त्री म्हणतात. रॉकेलची वाफ ३५-४० अंशांपासून पुढं पेट घेण्याजोगी होते. लातुरात मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली पारा किती असतो ते सांगायची गरज नाही. जानेवारीतलं सुरक्षित मेमध्ये सुरक्षित राहत नाही.

त्या मानानं इंजिन ऑईल शांत. ताजं ऑईल २०० अंशांच्या वर तापल्याशिवाय त्याची वाफ ठिणगीनंही पेटत नाही. पण मॅनिफोल्ड नि त्याला जोडलेला, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चालत्या गाडीत ४०० अंशांच्या पुढं सहज जातात. उघड्यावर पडलेला थेंब तिथं धूर होऊन उडून जातो. चिंधीत, नमद्यात, पत्र्याच्या घडीत मुरलेलं ऑईल मात्र उडून जात नाही, ते तिथंच भाजत बसतं. हे वाक्य मला त्या रविवारी पाठ होतं, आणि तरीही उपयोग झाला नाही.

गुरुजींनी मुलाच्या जुन्या शाळेच्या शर्टानं वरवर पुसलं, झाकण बॅटरीवर सापडलं ते लावलं, आणि दर्शन सोडून परत फिरले. औशात एका वॉशिंग सेंटरवर "इंजिन वॉश करून घेतो, म्हणजे वास जाईल" असं ठरलं. तिथं गरम इंजिनावर आधी डिझेलचा फवारा, मग बोअरच्या पाण्याचा प्रेशर, शेवटी काळं चकचकीत पॉलिश. गाडी बाहेर काढली तर एका सिलेंडरवर मिसिंग (तो नीट पेटतच नव्हता), चेक लाईट पेटलेला, आणि दोन किलोमीटरवर बंद. म्हणून जीप, म्हणून टोचन.

हात न लावता पाऊण तास

गाडी सावलीत घेतली, बोनेट उघडलं आणि पोरांना सांगितलं, कुणी काही करायचं नाही. गुरुजींना ते जरा विचित्र वाटलं. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला मिस्त्री चहा पाजतो आणि गाडीला हात लावत नाही म्हणजे काय! पण मॅनिफोल्डवर हात धरवत नाही तोवर कुठलाही क्लीनर वापरणं म्हणजे त्याची वाफ आपल्याच नाकात घेणं. ब्रेक क्लीनरचे काही स्प्रे क्लोरीनवाले असतात. ते तापलेल्या धातूवर किंवा ज्योतीजवळ मारले तर फॉस्जीन तयार होऊ शकतो. हा वायू पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला होता. बाकीचे स्प्रे क्लोरीनचे नसतात, ते पेट्रोलसारखे पेटतात. तेव्हा डबा कुठलाही असो, थांबायचं.

गार झाल्यावर १० नंबरच्या पान्यानं बॅटरीची मायनस केबल काढली. त्यामुळं पंखा सुरू होण्याची भीती गेली आणि पान्याची ठिणगी उडण्याचीही. खाली जुन्या फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरला. पुठ्ठ्यावर काय कुठं गळतं ते नकाशासारखं दिसतं, आणि फरशी पुन्हा घासावी लागत नाही.

डिपस्टिक काढली तर टोकाला जेमतेम ओल. इंजिनात साधारण साडेतीन लिटर बसतं, त्यातलं लिटरभर तरी बाहेर गेलं होतं. बाहेर काय सांडलं याच्या नादात आत काय उरलं ते बघायचं राहून जातं. लोक गाडी चकाचक पुसतात आणि तशीच सुरू करतात.

मग टॉर्च घेऊन वरून खाली बघत गेलो. सांडलेली वस्तू खाली वाहते आणि चालत्या गाडीच्या वाऱ्यानं मागं जाते, म्हणून सगळ्यात वरची ओली जागा म्हणजे उगम. टॅपेट कव्हरचं तोंड, तिथून प्लगला वीज देणारी कॉइल, तिथून मागं मॅनिफोल्डची उष्णता अडवणारा पत्रा, म्हणजे हीट शील्ड, डाव्या बाजूला बेल्ट नि अल्टरनेटर. हे सगळं गुरुजींच्या हकिकतीशी जुळत होतं. एक जागा मात्र जुळत नव्हती.

बशीतली परीक्षा

ब्रेक ऑईलच्या टाकीखाली, चाकावरच्या पत्र्यावर तळव्याएवढा डाग होता. रंग उभारून सुरकुतलेला, दुधावरच्या सायीसारखा. नखानं टोचलं तर रंगाची कातडी निघून आली. इंजिन ऑईल रंगाला असं करत नाही. हे ब्रेक ऑईल.

नावात ऑईल आहे, म्हणून फसगत होते. आपल्याकडं गाडीत जे ब्रेक ऑईल येतं, डॉट ३ किंवा डॉट ४, ते ऑईल नसतंच. ते ग्लायकॉलच्या जातीचं द्रव, पाण्यात साखरेसारखं विरघळतं, आणि गाडीच्या रंगाचा दुश्मन. सांडल्या सांडल्या भरपूर पाणी ओतून धुतलं असतं तर रंगाला काही झालं नसतं. म्हणजे त्या दिवशी पाणी जिथं ओतायला नको होतं तिथं अर्धा जग ओतलं गेलं, आणि जिथं तांब्याभर हवं होतं तिथं थेंबही पडला नाही. वॉशिंग सेंटरचं पाणी पोहोचेपर्यंत डाग उन्हात पाच-सहा तास मुरला होता.

डागापेक्षा मला काळजी वेगळीच लागली. नरसाळं एकच होतं! नरसाळ्यातून आधी इंजिन ऑईल आणि मग ब्रेक ऑईल ओतलं असेल, तर इंजिन ऑईलचा अंश ब्रेकच्या टाकीत गेला. ब्रेकमधले रबरी सील ग्लायकॉलसाठी बनवलेले असतात. खनिज तेल लागलं की ते फुगतात, मऊ होतात. ब्रेक अडकून राहतात नाहीतर पेडल खाली जातं. तसं झालं असेल तर टाकी, मास्टर सिलेंडर, चाकांचे सिलेंडर, होज, सगळं रबर बदलायचं. त्यात घासाघीस चालत नाही.

"गुरुजी, आधी कुठलं ओतलं?"

गुरुजी विचारात पडले. "ब्रेकचं बहुतेक... का इंजिनाचं? नाही सांगता येत, मिस्त्री."

चहाच्या दोन स्टीलच्या बशा घेतल्या. एकीत पाणी घालून डिपस्टिकवरचा थेंब सोडला. थेंब तरंगला, पसरला, इंद्रधनुष्यासारखा तवंग आला. दुसऱ्या बशीत ब्रेकच्या टाकीच्या अगदी वरच्या थरातलं चमचाभर काढून टाकलं. वरचाच थर घ्यायचा, कारण इंजिन ऑईल असलंच तर ते वर तरंगणार. बशी शेडच्या बाहेर उन्हात नेऊन तिरपी धरली. गुरुजी, त्यांची आई, आमची तीन पोरं, सगळे वाकून बघायला लागले. द्रव पाण्यात धुरासारखा उतरला आणि नाहीसा झाला. तवंग नाही. टाकीच्या झाकणातलं रबर काढून बघितलं, ते बसत होतं तसंच बसलं, कुठं फुगलेलं नाही. गुरुजींच्या डिकीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं नरसाळं होतं. दुकानदाराचं चुकून त्यांच्याबरोबर आलेलं. त्याच्या आत इंजिन ऑईलचा थर. म्हणजे इंजिन ऑईल शेवटी ओतलं होतं. तीन साक्षी जुळल्यावर मी सुटकेचा श्वास सोडला.

तरी ब्रेक ऑईल पूर्ण बदललंच, कारण फोडून ठेवलेली बाटली हवेतलं पाणी ओढत राहते. नव्या डॉट ३ चा उकळबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो. पाणी मुरल्यावर तो १४० पर्यंत उतरतो. तुळजापुराहून सोलापूरकडं घाट उतरताना हा फरक पायाला कळतो. आणि खरं तर ब्रेक ऑईल वाढवायची गरजच नव्हती. पातळी किमान रेघेच्या वर होती. ब्रेकचे पॅड झिजतात तशी टाकीतली पातळी हळूहळू उतरते. खाली दिसली की भरा, हा दुकानदारी सल्ला. आधी पॅड बघायचे असतात.

सफाई

आता कुठल्या जागेवर काय आहे ते कळलं होतं, त्यामुळं काम सोपं झालं.

पहिलं, कोरडं. ओलं काही लावायच्या आधी जेवढं सुक्यानं उचलता येईल तेवढं उचलायचं. टॅपेट कव्हरवर, सबफ्रेमच्या खोबणीत बनियन वेस्ट (बनियनच्या कापडाच्या चिंध्या) दाबून ठेवलं, घासलं नाही. घासलं की ऑईल खोबणीत आणखी आत जातं. खाली पुठ्ठ्यावर लाकडाचा भुसा टाकला. अर्ध्याहून जास्त ऑईल असंच निघालं.

मग प्लगच्या विहिरी, म्हणजे ज्या खोल खड्ड्यांत स्पार्क प्लग बसतात ते. मिसिंगचं मूळ तिथं होतं. कॉइल उपसली तर दुसऱ्या सिलेंडरच्या विहिरीत बोटभर मिश्रण, वर ऑईल नि डिझेल, खाली पाणी. कॉइलचं रबरी टोक फुगून भोपळ्याच्या देठासारखं झालेलं. इथं घाईनं प्लग खोलला असता तर ते सगळं सिलेंडरात गेलं असतं. आमच्याकडं जनावरांच्या औषधाच्या दुकानातून आणलेली मोठी सिरिंज आहे, तिला सलाईनची नळी लावलेली. विहिरी उपसायला यापेक्षा चांगलं हत्यार मी बघितलेलं नाही. तीनदा ओढून विहीर रिकामी केली, काडीला कापड गुंडाळून कोरडी केली, हवेचा हलका झोत मारला, मगच प्लग काढला. कॉइलचं रबर बदललं. वायर जोडायच्या कपलरच्या पिनांवर पाण्याचे पांढरे कण बसले होते. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की सुकल्यावर भांड्यावर जे पांढरं बसतं तेच पिनांवर बसतं. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, मऊ ब्रशनं, जोर न लावता ते काढलं. कपलरमध्ये कॉम्प्रेसरची हवा जोरात मारली तर पाणी आणखी आत ढकललं जातं, आणि काही वेळा आतली रबरी रिंगच निघून जाते.

बेल्ट पुसायचा प्रयत्न केला नाही. ऑईल नि डिझेल मुरलेला बेल्ट पुसून वरून कोरडा दिसतो आणि लोड आला की घसरतो. त्या बेल्टवर अल्टरनेटर आणि वॉटर पंप दोन्ही होते. नवा टाकला. कुणी कुणी इंजिन चालू ठेवून फिरत्या बेल्टवर चिंधी धरतात, "फिरता फिरता पुसून निघतोय" म्हणून. माझ्या ओळखीच्या एका मिस्त्रीच्या उजव्या हाताला साडेतीन बोटं आहेत.

अल्टरनेटर नि फ्यूज बॉक्सवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, हवेच्या पाईपचं तोंड झाकलं. उरलेल्या चिकटपणावर पाण्यात मिसळायचा डिग्रीझर, तोही फवारा न मारता ब्रशनं लावून. पाच मिनिटं थांबून ओल्या कापडानं पुसून घेतला. कॉस्टिक सोड्याचं पाणी वापरणारे अजून आहेत. तेलकट लोखंडाला ते उत्तम, पण हेड नि बऱ्याच गाड्यांत टॅपेट कव्हरही ॲल्युमिनियमचं असतं. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं. आधी फेस, मग काळे डाग. भांडी घासायचं लिक्विड मिळालं नाही तरच लोक तिकडं वळतात असं म्हणावं, तर ते प्रत्येक घरात आहे.

एकूण पाणी लागलं अर्धी बादली. याचा मला जरा अभिमान आहे. ज्या गावानं २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलंय, त्या गावात इंजिनावर दोनशे लिटर ओतणं डोळ्याला बरं दिसत नाही. आणि ते ऑईलचं पाणी जातं कुठं? नालीत, तिथून कुणाच्या तरी आडात. वापरलेलं ऑईल कायद्यानंही घातक कचऱ्यात मोडतं. ते आम्ही पिंपात साठवून परवानाधारक घेणाऱ्याला देतो. गावाकडं लोक वाळवी लागू नये म्हणून तेच काळं ऑईल गोठ्याच्या लाकडांना लावायला मागतात. मी देत नाही. पोरांना हातमोजे घालायला लावतो तेही त्याचसाठी. वर्षानुवर्षं ते कातडीला लागत राहिलं तर कातडीच्या कॅन्सरचा धोका असतो. माझे वडील कोपरापर्यंत काळे व्हायचे आणि पेट्रोलनं हात धुवायचे, म्हणून ते बरोबर होत नाही.

कूलंट मात्र या गाडीत सांडलं नव्हतं, ते मी आधीच बघून घेतलं. ते असतं तर पुठ्ठा लगेच उचलला असता. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल गोडसर असतं, आणि आमच्या दारातलं कुत्रं काहीही चाटतं. थोडंसंही किडनी घालवायला पुरतं.

चिंध्या पत्र्याच्या झाकणाच्या पिंपात. त्याबद्दल एक गंमत, म्हणजे गंमत नाही. इंजिन ऑईलच्या चिंध्या आपोआप सहसा पेटत नाहीत. जवसाच्या तेलाच्या पेटतात, कारण ते तेल हवेतला प्राणवायू घेत सुकतं आणि सुकताना तापतं. करडईच्या तेलातही तो गुण थोडा आहे. फर्निचरवाल्याच्या जवसाच्या चिंध्या आणि आमच्या चिंध्या एकाच बोळात पडतात, म्हणून आम्ही झाकण ठेवतो.

ऑईल मापात भरलं. झाकण लावलं, आणि गुरुजींना स्वतः हात लावून बघायला सांगितलं. बॅटरी जोडली, आग विझवायच्या पावडरचा दोन किलोचा डीसीपी सिलेंडर हाताशी ठेवला, बोनेट उघडं ठेवून गाडी सुरू केली. मिसिंग गेलं. मॅनिफोल्डवरून दहा मिनिटं पातळ धूर आला, मग विरळ होत थांबला. फिरवून आणली. संध्याकाळी साडेसातला गुरुजी घरी गेले. मी खूश होतो.

चौथा दिवस

गुरुवारी सकाळी फोन. "मिस्त्री, वास यायलाय. धूर नाही, पण चिंधी जळल्यासारखा."

तसाच हुबेहूब शब्द त्यांनी वापरला, चिंधी. मी म्हणालो, उरलंसुरलं ऑईल जळत असेल, जाईल. फोन ठेवला आणि दोन मिनिटांनी मीच परत लावला. "गाडी आहे तिथंच ठेवा. सुरू करू नका." पोरगा पाठवला आणि गाडी पुन्हा टोचन करून आणली.

हीट शील्ड त्या रविवारी मी काढलं नव्हतं. चार बोल्ट, त्यातले दोन गंजून बसलेले, तुटले तर मॅनिफोल्डमधून काढायला अर्धा दिवस. वरून पुसलं, फटीतून हवा मारली, धूर थांबला, झालं असं ठरवलं. आता गंजाचं स्प्रे मारून तासभर ठेवलं. एक बोल्ट तुटलाच. शील्ड वर उचललं तर आत दोन पत्र्यांच्या मधला नमदा ऑईलनं काळा ओथंबलेला. आणि शील्ड नि मॅनिफोल्डच्या मधल्या बोळात, अगदी तळाला, एक चुरगळलेलं कापड. एका कडेला राख, मधे तपकिरी, आणि दुसऱ्या कडेला अजून पांढरं. त्या पांढऱ्या भागावर एक बटण होतं. मुलाच्या शाळेच्या शर्टाचं. उजनीला पुसताना हातातून निसटलेलं.

गुरुजींनी ते बटण बोटांत धरून बराच वेळ बघितलं. काही बोलले नाहीत. मीही नाही.

ते कापड आत आहे हे मला रविवारी कळायला हवं होतं. हकिकतीत गुरुजींनी शर्टाचा उल्लेख केला होता, आणि गाडीत शर्ट कुठं दिसत नव्हता. पुसायला वापरलेली प्रत्येक चिंधी मोजून घ्यायची, हे आता पोरांनी फळ्यावर लिहून ठेवलंय. ऑपरेशन थिएटरात कापूस मोजतात तसं. पेट्रोलचा एक थेंब तिथं पोहोचला असता, किंवा गाडी घाटात तासभर जोरात चालली असती, तर काय झालं असतं याचा विचार मी रात्री केला, दिवसा केला नाही. बोनेटखाली पेटलंच तर बोनेट एकदम उघडायचं नसतं, हवा मिळून भडका होतो. फटीतून पावडर मारायची, पाणी नाही. हे त्या कुटुंबातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. आता आहे, गुरुजींच्या आईसकट.

शील्ड नवं टाकलं. नमद्यात मुरलेलं ऑईल धुऊन निघत नाही. मॅनिफोल्डचं सगळं अंग तारेच्या ब्रशनं घासून कोरडं केलं. तुटलेला बोल्ट काढायला सांगितल्याप्रमाणं अर्धा दिवस गेला. त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत. गुरुजींनी देऊ केले होते.

पुढच्या मंगळवारी ते तुळजापूरला जाऊन आले. येताना गॅरेजवर थांबले, आईनं प्रसाद दिला, आणि मी सवयीनं बोनेट उघडलं. कोरडं होतं. ब्रेक ऑईलचा तो सुरकुतलेला डाग तेवढा चाकावरच्या पत्र्यावर तसाच होता. "रंग मारून देऊ का, पत्रा उघडा पडलाय, गंजेल," असं विचारलं. गुरुजी म्हणाले, "प्रायमर मारा. रंग नको."